पंधरा दिवस शहाण्यासारखा चालतो, सोळाव्या दिवशी परत ओढतो

गुंड्या आता दहा महिन्यांचा आहे. जत भागातल्या ओळखीच्या एका शेतावरून आणला तेव्हा भाकरीच्या पिठाच्या गोळ्याएवढा होता, म्हणून गुंड्या. आता नुसते पाय आणि बरगड्या. जात कारवानी, सीमेपलीकडं कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. नजरेवर शिकार करणारं कुळ, त्यामुळं लांबवर काही हललं की हा निघालाच.

याचं ओढणं मी तीन वेळा बंद केलं, यावरूनच कळेल की ते तीनदा परत सुरू झालं. पिल्लाला दोरीवर चालायला कसं शिकवायचं हे बहुतेकांना साधारण ठाऊक असतं. ओढलं की थांबायचं, दोरी सैल झाली की चालायचं, मध्येमध्ये खाऊ द्यायचा. मीही तेच केलं. पहिल्या खेपेला बारा-पंधरा दिवसांत फरक दिसला, शेजारच्या काकूंनी कौतुकही केलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं मला सांगलीतल्या माई घाटाच्या पायऱ्यांवरून जवळजवळ घसरत खाली नेलं. तेव्हा हे लिहितेय ते अशांसाठी, ज्यांचं कुत्रं शिकलंय आणि तरीही ओढतंय.

आमच्याकडं गळ्यातल्यालाही बेल्ट म्हणतात आणि हातातल्यालाही, त्यामुळं बोलताना घोळ होतो. इथं गळ्यातला तो पट्टा, आणि हातातली ती दोरी.

आधी कुत्रं सोडून बाकीचं बघा

साखळी असेल तर ती आजच काढून ठेवा. तिच्या वजनानं पिल्लाची मान कायम खाली ओढली जाते, आणि ती सैल आहे की ताणलेली हे तुमच्या हाताला नीट कळत नाही. हे कळणं म्हणजे अर्धं काम. जाड सुती किंवा नायलॉनची, साधारण सहा फुटी दोरी घ्या. बटण दाबलं की लांबणारी, आत गुंडाळली जाणारी दोरी मिळते, ती या कामाला नको. तिच्यात स्प्रिंगचा ताण सतत असतो, म्हणजे कुत्र्याला आपण दिवसभर हेच सांगत असतो की थोडं ओढलं की रस्ता मिळतो.

दोरी मनगटाला गुंडाळू नका. कारवानीनं मांजर पाहिलं आणि तुमच्या मनगटाला तीन वेढे असतील तर मनगटाचं काय होईल ते मी करून पाहिलेलं आहे. पुढचे दहा दिवस पोळ्या आत्यांनी लाटल्या.

कारवानी, मुधोळ, ग्रेहाउंड असल्या कुत्र्यांची आणखी एक भानगड असते. डोकं निमुळतं आणि मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड. साधा पट्टा घट्ट वाटतो, पण कुत्रं मागं सरकलं की कानांवरून सुळकन निघून येतो आणि तुमच्या हातात नुसता पट्टा राहतो. यावर मार्टिंगेल नावाचा पट्टा मिळतो. ओढलं की तो ठरावीक मापापर्यंतच आवळतो, फास बसत नाही. गळा आवळत जाणारी चोक चेन म्हणजे वेगळी वस्तू, तिच्या नादी लागू नका. गळ्यावर झटके देऊन शिकवणारे अजून आहेत. त्यानं श्वासनळीला इजा होऊ शकते. शिवाय कुत्रं गळपट्ट्यावर ओढतं तेव्हा त्याच्या डोळ्यांतला दाबही वाढतो, छाती-पाठीवर बांधायच्या हार्नेसवर तसा वाढत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे.

शिकवण्यासाठी मी छातीवर कडी असलेला हार्नेस वापरते. पाठीवरच्या कडीला दोरी लावली तर कुत्रं सगळं अंग घालून ओढू शकतं, बैल गाडी ओढतो तसं. कडी छातीवर असली की ओढल्यावर ते आपोआप तुमच्याकडं वळतं. पण हार्नेस नुसती मदत करतो, शिकवत नाही. पहिल्यांदा मी इथंच फसले. हार्नेस घातला, ओढणं कमी झालं, मी खाऊ द्यायचं बंद केलं. महिन्याभरात त्याला तिरकं होऊन ओढायची युक्ती सापडली. कारवानीची कातडी पातळ असते, म्हणून काखेत घासतंय का तेही रोज बघा. घासलं की कुत्रं घाईनं चालतं आणि आपल्याला वाटतं, मस्ती करतंय.

घराकडं येताना जास्त ओढत असेल तर तो प्रकारच वेगळा. तिथं दुखणं किंवा भीती शोधा. उन्हाळ्यात सांगलीचं डांबर सकाळी नऊलाच पेटलेलं असतं. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

खाऊ कुठला, यावर थोडकं. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, किंवा पनीर. रात्रीच्या जेवणातून तेवढं कमी करायचं. आपल्याकडं घरोघरी बेदाण्याचा डबा असतो, पाहुण्यासारखं कुत्र्यापुढंही चार दाणे टाकले जातात. ते अजिबात करू नका. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती दाण्यांनी होईल हे कुत्र्यागणिक बदलतं. भडंगही नको, त्यात लसूण असतो.

कॅलेंडरच्या मागचं पान

तिसऱ्यांदा ओढणं परत आलं तेव्हा मी शिकवायचं थांबवलं आणि नऊ दिवस नुसतं लिहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून चार रकाने आखले: कोण घेऊन गेलं, कुठं, किती वाजता, कुठून कुठपर्यंत ओढलं. मुलाला सांगितलं, तूही लिही. तो सातवीत आहे, त्यानं पहिल्याच दिवशी लिहिलं, "सगळीकडं."

चौथ्या-पाचव्या दिवशी पान बोलायला लागलं. एक म्हणजे, घराबाहेर पडल्यावरची पहिली पाच मिनिटं सगळ्यांच्याच वाट्याला वाईट. दुसरं, माझ्याबरोबर हरिपूर रस्त्याला गेला की मधल्या टप्प्यात तो छान चालतो. तिसरं, सकाळी सहाची फेरी सासऱ्यांची, त्यांना आम्ही मामा म्हणतो, आणि त्यांच्या नावापुढं रोज एकच शब्द: "नाही." म्हणजे ओढलं नाही. रोज. मला तेच खटकलं, कारण सोमवारी मामांनी नेलं की सोमवारी संध्याकाळी माझ्याकडं तो हमखास ओढायचा.

"मामा, तुमच्याबरोबर गुंड्या ओढत नाही का हो?"

"छे! माझ्याबरोबर गुमान चालतंय की ते."

मग एक दिवस मी मागनं गेले. मामांच्या एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात दोरी, आणि मामा चालत नव्हते, पळत होते. गुंड्या पोट जमिनीला लावून ओढतोय, मामा त्याच्या मागं चपला फटफटवत जातायत, आणि कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानाशी दोघंही थांबले. दुकानदारानं शटर अर्धंच उघडलं होतं. त्यानं खालूनच हात बाहेर काढून कोंबडीची एक मान टाकली. गुंड्यानं ती हवेतच झेलली. रोजचं असणार, कारण झेलायला तो आधीच तोंड वर करून बसला होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मामा, हे ओढणंच झालं की."

"ओढतंय कुठं? वाट दाखवतंय मला," मामा म्हणाले आणि किटली घेऊन आत गेले.

ओढणं परत का येतं याचं उत्तर त्या शटरखाली होतं. कुत्रं चालतं आपल्यापेक्षा भरभर, त्याची साधी दुडकी चालही आपल्याला पळवते. पुढं काहीतरी हवंसं असतं आणि मध्ये आपण असतो. ओढलं आणि पोचलं, तर ओढण्याची मजुरी मिळाली. रोज मजुरी मिळाली तर रोज ओढेल, हे सरळच आहे. पण माझ्याकडं मिळत नाही आणि मामांकडं मिळते, हे जास्त वाईट. ज्याला कधीच आकडा लागत नाही तो मटका सोडून देतो. ज्याला दहातून एकदा लागतो तो जन्मात सोडत नाही. दहा वेळा थांबून अकराव्या वेळी "जाऊ दे आज, उशीर झालाय" म्हणत आपण ओढत नेऊ देतो, तेव्हा आपणच आकडा लावून देत असतो.

तेव्हा तुमच्या घरातही आधी हे बघा, की दोरी किती हातांत जाते. शाळेला उशीर झालेलं पोर, पाणी यायच्या आत परत यायच्या घाईतली बाई, मोबाइलवर बोलत चालणारा नवरा. कुत्रं प्रत्येकाचे नियम सहसा वेगवेगळे ठेवत नाही, सगळ्यांची सरासरी काढतं.

लाल पट्टा, निळा हार्नेस

आता सासऱ्यांना कोण सांगणार, की तुम्ही शिका. वय त्र्याहत्तर, आयुष्यभर जनावरं सांभाळलेली. मी दुसरा मार्ग काढला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

दोन वेगळी सामानं केली. निळा हार्नेस, छातीच्या कडीला दोरी, म्हणजे शिकायची वेळ. हा घातल्यावर ओढून एक पाऊलही मिळणार नाही, कुणाकडूनही नाही. आणि मार्टिंगेलचा लाल पट्टा, जरा रुंद, मऊ अस्तराचा, म्हणजे सुट्टी. लाल घालून मामांनी दूध आणावं, कोंबडीची मान खाऊ घालावी, मी काही बोलणार नाही. गळ्यावर ओढू देणं मला पसंत नव्हतं, पण दुसरा हार्नेस मामांना घालता येईना. त्यांनी पहिल्याच दिवशी पुढचे दोन्ही पाय एकाच भोकात घातले. फेरी पंधरा मिनिटांची, तेवढ्यावर तडजोड केली.

कुत्र्याला हा फरक कळतो. अंगावर काय आहे, कुठं दाब येतो, यावरून ते ओळखतं की आत्ता कुठला कायदा चालू आहे. मलाही उशीर झालेला असला की मीसुद्धा लाल घालते. नियम मोडण्यापेक्षा त्या दिवशी नियम नसलेला बरा. पिल्लाची सगळी लसीकरणं होईपर्यंत त्याला रस्त्यावर नेऊच नये असं डॉक्टर सांगतात, तो काळ निळ्याची ओळख करून द्यायला उत्तम. अंगणात, गच्चीवर, दिवसातून पाच मिनिटं.

खुंटी वाजली की

पहिल्या पाच मिनिटांचा घोळ मात्र दाराच्या आत सुरू होत होता. हार्नेस दाराआडच्या खुंटीला. खुंटीवरून काढताना बकलचा टक असा आवाज व्हायचा आणि गुंड्या स्वतःभोवती फिरायला लागायचा. उंबऱ्याबाहेर पाय टाकेपर्यंत तो उकळलेला असायचा. उकळलेलं कुत्रं शिकत नाही.

म्हणून चार दिवस मी दिवसातून आठ-दहा वेळा हार्नेस नुसता काढायचे आणि परत टांगायचे. कधी काढून भाजी निवडायला बसायचे. दुसऱ्या दिवशी त्यानं फिरणं कमी केलं, चौथ्या दिवशी आवाज झाला तरी डोकं पंजावरच. मग घालायचा आणि काढायचा. मग दार उघडायचं आणि बंद करायचं. दोरी ताणलेली असेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. पहिल्यांदा दारातच अकरा मिनिटं गेली. बोळातल्या लोकांनी येता-जाता विचारलं, काय ओ, चावी विसरला काय?

थांबण्यातली चूक

"ओढलं की झाडासारखं उभं राहा" हा सल्ला बरोबरच आहे, पण अर्धा आहे. गुंड्या त्यातून असं शिकला: ओढायचं, बाई थांबते, तिच्याकडं यायचं, खाऊ मिळतो, परत ओढायचं. ओढणं हीच खाऊची पहिली पायरी झाली. दिसायला तो पट्टीचा शहाणा, दर वीस पावलांनी मागं वळून यायचा.

दुरुस्ती अशी. ओढून परत आला तर खाऊ लगेच द्यायचा नाही. चालायला लागायचं, दोरीला पोट सुटलेलं, म्हणजे ती सैल लोंबती ठेवून चार-पाच पावलं बरोबर आला की मग "हां" म्हणायचं आणि चालता चालता द्यायचा. आणि मुख्य म्हणजे, त्यानं ओढायच्या आधीचा खाऊ वाढवायचा. दोरीचं पोट कमी होताना दिसतं, ती ताणायच्या आधी एक क्षण असतो. तेव्हा वळा, त्याला हाक मारा, उलट दिशेला चाला. ताणल्यावर वळलात तर तो झटका होतो.

खाऊ सलवारीच्या शिवणीपाशी द्यायचा, गुडघ्याच्या बाजूला. मी पुढं हात करून द्यायचे, त्यामुळं तो माझ्या पुढं येऊन उलटा चालायचा आणि दोघं एकमेकांत अडकायचो.

दर वेळी खाण्याचीच मजुरी हवी असंही नाही. गुंड्याला विजेचा खांब चिकनपेक्षा प्रिय आहे. खांब दिसला की तिथपर्यंत दोरी सैल ठेवून गेलो तर मी "हुंग" म्हणते आणि त्याला हवा तेवढा वेळ देते. ओढलं तर खांबाकडं पाठ. खांब काही पळून जात नाही, सात-आठ वेळा मागं फिरावं लागलं तरी फिरायचं. पहिल्या दिवशी एका खांबापर्यंत जायला आमची अख्खी सकाळ गेली.

चाळीस फूट, पंचेचाळीस फूट

आपल्या गावात पाऊसमान कुणी मिलिमीटरमध्ये विचारत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, एवढंच विचारतात. चाळीस फूट इशारा पातळी, पंचेचाळीस धोका पातळी. कुत्र्याला हेच मोजमाप लावलं तेव्हा मला पुष्कळ गोष्टी उलगडल्या.

गुंड्याचे चाळीस फूट म्हणजे: कान पुढं, शेपूट ताठ, तोंड मिटलेलं, आणि चिकन नाकापाशी नेलं तर घेतो पण दातांनी ओरबाडून घेतो. इथं अजून काम होतं, पण त्या वस्तूपासून लांब सरकून. पंचेचाळीस म्हणजे चिकन ओठांना लागून खाली पडतं आणि त्याला पत्ताच नसतो. त्यानंतर हाक मारणं, थांबणं, खाऊ दाखवणं सगळं व्यर्थ. तिथं फक्त स्थलांतर करायचं, दोरी जवळ धरून शांतपणे उलट दिशेला. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढं गेलं तेव्हा कुणी वाळूची पोती रचत बसलं नव्हतं, सामान वर काढून लोक निघून गेले होते.

सगळी मेहनत पाणी तीस-पस्तीस फुटांवर असतानाच करायची. मांजर वीस पावलांवर असताना पाणी चढत असेल तर साठ पावलांवरून बघू द्यायचं, बघून माझ्याकडं वळला की खाऊ. आठवड्यानं पन्नास पावलं. गावभागातल्या बोळात एवढं अंतर मिळत नाही, म्हणून मी शिकवणी पहाटे हरिपूर रस्त्यावर घेते आणि बोळातून लाल पट्ट्यावर पार होते. श्रावणी सोमवारी हरिपूरच्या संगमेश्वराला गर्दी असते, त्या दिवशी तिकडं फिरकायचंच नाही.

भटकी कुत्री हा आपल्याकडचा रोजचा विषय. समोरून टोळी आली की हात आपोआप दोरी आखडतो. तसं केलं की आपलं कुत्रं ताठ होतं, आणि ताठ झालेलं कुत्रं समोरच्यांना भांडणाचं आमंत्रण वाटतं. जमेल तेवढं आधी वळा, दोरीला पोट ठेवून, घाई न करता. रेबीजची लस आणि तिचा पुढचा डोस वेळेवर असेल तर आपलाही हात कमी आखडतो.

वयाचंही एक आहे. सात-आठ महिन्यांपासून पुढं वर्ष-दीड वर्षापर्यंत कुत्री वयात येत असतात आणि शिकलेलं विसरल्यासारखी वागतात. आमचं दुसऱ्यांदा बिघडलं ते याच काळात. तेव्हा मी चिडून नियम कडक केले होते, ती चूक. मागच्या इयत्तेत बसवायचं, परत गच्चीवर पाच मिनिटं.

सध्या निळ्यावर तो बोळाच्या तोंडापासून हरिपूर रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंत दोरीला पोट ठेवून येतो. वळणावर एक पांढरं मांजर कुंपणावर बसलेलं असतं, तिथं अजून पंचेचाळीस. कॅलेंडरच्या पानावर मामांच्या रकान्यात आता मुलगा स्वतःच "लाल" असं लिहितो.

परवा मामांनी खुंटीवरचा निळा हार्नेस हातात घेतला. "ह्याला छातीवर कडी कशाला गं?" मी गुंड्याला घालून दाखवलं. त्यांनी हुक दोनदा लावून काढून बघितला, "बरंय," म्हणाले, आणि किटली उचलून लाल पट्ट्यावरच गेले.